गाडी तीच, इंजिन दुसरं

मी बोलतोय, पण गाडीतून नव्हे, गाडीच्या शेजारून. शेडच्या भिंतीला लागून सुताराने केलेला एक लाकडी घोडा आहे, त्यावर मला बसवलंय. अंगावर जुनी चादर आहे. दोन हातांवर माझी गाडी उभी असते, गडद हिरवी, गोल दिव्यांची. तिच्या पहिल्या कागदपत्रांवर इंजिनाचा जो नंबर आहे, तो माझ्या डाव्या खांद्यावर ठोकलेला आहे. तिच्या पोटात मात्र आता दुसरंच कोणी बसलंय. मी तिचं मूळ इंजिन.

वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड ओतलं, ते निवलं, आणि मी झालो. मग मला कोरलं, घासलं, चार सिलिंडर पाडले, चार पिस्टन बसवले. नंबर उठवणाऱ्या बाईच्या हातून एक आकडा जरासा तिरका पडला. "जाऊ दे, याला ओळखायला बरं," असं म्हणून तिने मला पुढे ढकललं. पुढे गाडी उभी होती, रिकामी. मला तिच्यात उतरवलं, बोल्ट आवळले, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं एक झालो. तेव्हा वाटलं होतं, आता हे कायमचंच.

पहिला मालक कापडाचा दुकानदार. हौस दांडगी, पण स्टिअरिंग हातात घेतलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. वर्षभर त्याने आम्हाला दुकानासमोर नुसतं उभं केलं आणि रोज फडक्याने पुसलं. मी आतल्या आत आळसावून गेलो. शेवटी त्याच्या बायकोनेच सांगितलं, "गाडी चालवणाऱ्याला द्या. शोभेला मी आहे की." तशी गाडी गुरांच्या डॉक्टरांकडे आली.

डॉक्टरांकडे आल्यावर मला कळलं, आपण कशासाठी जन्मलो ते. डोंगरावर ठिकठिकाणी गोठे. कुठे गाय अडलेली, कुठे घोड्याचा पाय मोडलेला. डॉक्टर बॅग मागच्या सीटवर टाकायचे आणि बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "चल रे राजा." जनावरांशी बोलायची सवय, तसंच माझ्याशी बोलायचे. एकदा आई मेलेलं वासरू मागच्या सीटवर घालून आणलं. दुधाची बाटली थंडगार झाली होती. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं आणि ती माझ्या अंगाला टेकवून गरम केली. वासरू चुटूचुटू दूध प्यायलं आणि त्याने सीटही खराब केली. सीटवरून घरी बोलणी बसली ती डॉक्टरांना.

ती बोलणी सुनावणाऱ्या होत्या डॉक्टरांच्या पत्नी. मेकॅनिक त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. पिठाच्या गिरणीच्या वळणावर मी आलो की त्यांना घरात माझा आवाज पोचायचा. त्या आवाजावर चहाचं आधण चढायचं. दारात थांबेपर्यंत चहा तयार.

मेकॅनिकबद्दलही सांगायला हवं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्यावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुरकुरतोय," म्हणायचा, आणि ते खरंच असायचं. डॉक्टरांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं. सगळा गाव मग त्याला तेच म्हणू लागला.

घाटाच्या माथ्यावरच्या वस्तीत वहिनींची ताई राहायची. एकटी. दोघींची आई लवकर गेली होती. ताईनेच या धाकटीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं आणि स्वतः तिथेच राहिली, आपल्या फळझाडांच्या बागेत. दर रविवारी डॉक्टर, वहिनी आणि त्यांची लेक चिमी मला घेऊन वर जायचे. घाट मोठा, चढ खडा. सातव्या वळणावर मी तापायचोच. डॉक्टर गाडी बाजूला घ्यायचे, मी निवेपर्यंत नवरा-बायको कठड्यावर बसायचे. घरात त्यांना बोलायला सवड कुठली? सकाळपासून कोणाची ना कोणाची म्हैस दारात. त्या कठड्यावर मात्र चिमीची शाळा, घराची गळकी खोली, ताईचं हट्टीपण, सगळ्यावर निवांत बोलणं व्हायचं. मला माझ्या तापण्याची लाज वाटायची खरी. पण खरं सांगू? कधी कधी मी निवायला जरा जास्तच वेळ घ्यायचो.

मग डॉक्टर गेले. एका गोठ्यातून परत आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. पुढचे कित्येक आठवडे कोणी किल्ली फिरवली नाही. एका सकाळी चिमी आली. ती तोवर कॉलेजात गणित शिकवायला लागली होती. गाडी चालवायला तिला डॉक्टरांनीच शिकवलं होतं. तिने बॉनेटवर थाप मारली. आत बसून किल्ली फिरवली. मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो. तेवढंच माझ्या हातात होतं.

ती मला जिवापाड जपायची, पण वय कोणाला चुकलंय? मी तेल पिऊ लागलो, निळा धूर सोडू लागलो. सपाटीवर ठीक होतं; घाटात दम लागायचा. रविवारची फेरी महिन्यावर गेली.

अशात ताई बागेत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. खालच्या इस्पितळात महिनाभर राहिली आणि आपल्या घरी जायचं म्हणून हटून बसली. खाली लेकीसारख्या बहिणीकडे राहायला तयार नाही. "माझी झाडं कोण बघेल?" एवढंच. शेवटी ठरलं की शेजारीण सकाळ-संध्याकाळ बघेल आणि वहिनी एक दिवसाआड वर जातील. न्यायचं काम माझं.

तीन खेपा मी कशाबशा केल्या. चौथ्या खेपेला सातवं वळणही लांब राहिलं. पाचव्यावरच माझ्या आत काहीतरी कटकन वाजलं. पाणी तेलात गेलं, पांढऱ्या वाफेने समोरचं दिसेना. माझ्या अंगाला तडा गेला होता. तासाभराने एका ट्रॅक्टरने आम्हाला दोर बांधून खाली, घरच्या शेडपर्यंत ओढत आणलं. वर ताई वाट बघत होती. तिची शेजारीण नेमकी माहेरी गेलेली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या गाडीतून वहिनी पोचल्या तेव्हा ताई तशीच होती, कालच्याच कपड्यांत, पाण्याचा तांब्या हातापासून वीतभर लांब. हे वहिनींनी इथे शेडमध्ये उभं राहून सांगितलं. मी ऐकलं. ती वीतभर अजून मला बोचते.

कानसेनने मला तपासलं. स्क्रूड्रायव्हर लावलाच नाही. ऐकायला उरलं काय होतं?

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "ओतीव लोखंडाला वेल्डिंग धड धरत नाही. तड्यावर बारीक छिद्रं पाडून एकात एक अडकणारे स्क्रू बसवायचे, शिवण घालतात तसं. पिस्टन शोधायचे. सहा महिने, नाहीतर वर्ष. आणि एवढं करून घाट चढेल याची खात्री मी देणार नाही."

"आणि दुसरा?" वहिनींनी विचारलं.

"एका व्हॅनचं इंजिन आहे. व्हॅन मागून ठोकली गेली, इंजिन ठणठणीत. पंधरा दिवसांत बसवतो."

"मुळीच नाही," चिमी म्हणाली. "काका, नंबर जुळणारी अशी गाडी आता बघायला मिळत नाही. इंजिन काढलं तर राहिलं काय? नुसता पत्रा! बाबा बोलायचे याच्याशी. त्यांचा हात लागलाय याला."

"त्यांचा हात मलाही लागलाय," वहिनी म्हणाल्या. "मग मलाही चादर घालून ठेवतेस का?"

कानसेन उगाचच पाना पुसत बसला.

"मला का हौस आहे?" वहिनी तिला म्हणाल्या. "याचा आवाज आला की आपलं माणूस आलं, असं इतकी वर्षं जगले मी. पण ते माणूस आता या आवाजाबरोबर येत नाही, चिमे. ताई मात्र आहे. वाट बघतेय. मला तिच्याकडे जायचंय."

मी काय बोलणार? मनातून मात्र म्हणालो, काढा मला.

कानसेनने एकच अट घातली. "गाडीचं काही कापायचं नाही. उद्या मनात आलं तर बोल्ट उघडून हा परत बसला पाहिजे." चिमीने मान हलवली, तोंड फिरवून.

साखळीच्या कप्पीने मला वर उचललं. नळ्या सुटल्या, तारा सुटल्या, शेवटचा बोल्ट मात्र काही केल्या सुटेना. कानसेनने त्यावर तेल सोडलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सोड रे आता." मी सोडलं. वर लोंबकळताना पहिल्यांदाच मला माझी गाडी बाहेरून नीट दिसली. इतकी वर्षं तिच्या आत राहून ती कशी दिसते ते मला ठाऊकच नव्हतं. सुंदर होती हो.

नवं इंजिन शांत निघालं. इतकं शांत की पहिल्या दिवशी चिमी गाडी घेऊन दारात येऊन थांबली तरी वहिनींना पत्ता नाही. तिला हॉर्न वाजवावा लागला. वहिनी बाहेर आल्या, "अगंबाई, आलीस पण?" म्हणून हसल्या, आणि मग पदराने चष्मा पुसत बसल्या. त्या दुपारी गाडी कुठेही न थांबता घाट चढली. कौतुक चिमी कानसेनला सांगत होती. मी चादरीखाली होतो.

तीन वर्षं त्या फेऱ्या झाल्या. ताई काठी घेऊन चालू लागली. एकदा खाली आली तेव्हा मुद्दाम मला बघायला शेडमध्ये शिरली. काठीने चादर उचलून म्हणाली, "हाच का तो? रविवारी याच्यापायी जेवण गार व्हायचं माझं." आणि माझ्यावरचं कोळ्याचं जाळं हाताने काढून टाकलं.

तिसऱ्या वर्षी थंडीत तिला न्यूमोनिया झाला. पहाटे निरोप आला. धुकं इतकं की रस्ता दिसेना, आणि गाडी निघाली. ताई त्या दिवशी संध्याकाळी गेली, आपल्या खाटेवर, धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून. दिवसभर दोघी बोलत होत्या म्हणे. मी असतो तर त्या दोघींना तो दिवस मिळाला नसता. हे मला माहीत आहे. माहीत असूनही जीव तुटायचा तो तुटतोच.

या काळात कानसेन सवडीने माझा तडा शिवत होता. कोणी सांगितलं नव्हतं. कुठूनतरी पिस्टन मिळवले, सिलिंडरांच्या आत नव्या स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळ्या, घातल्या. हात थरथरायला लागले होते त्याचे, तरी एकेक स्क्रू बसवला. ताईला जाऊन काही महिने झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, हा तयार आहे."

चिमीचा चेहरा उजळला. "आई, आता घाट कुठे चढायचाय आपल्याला? बसवू या ना परत!"

माझ्या अंगात पेट्रोलचा थेंब नव्हता, तरी कुठेतरी ठिणगी पडल्यासारखं झालं. दोन हातांवर गाडी. बोल्टांच्या जागा जशाच्या तशा.

वहिनी गाडीपाशी गेल्या. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ह्याने मला ताईच्या शेवटच्या दिवसाला पोचवलं गं. आता याला कुठल्या तोंडाने बाहेर काढू? राहू दे. माझ्यामागे तुला वाटेल ते कर." आणि माझ्याकडे वळून, डॉक्टरांनी थाप मारावी तशी नव्हे, तर आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून म्हणाल्या, "रागावू नको हं."

मी रागावलो नाही. त्या दुसऱ्यावरही नाही. संध्याकाळी गाडी आत येते, तेव्हा तो निवताना टिकटिक करतो, मीही करायचो तशीच. दमलेला असतो बिचारा. त्याचं त्याने काम चोख केलंय. मला फक्त त्याच्या जागेची आठवण येते. तिथून पुढच्या दिव्यांच्या मधला रस्ता अंगावर यायचा. तिथे गाडीचं वजन माझ्यावर आणि माझं तिच्यावर असायचं.

महिन्यातून एकदा चिमी येते. प्लग काढून चमचाभर तेल सोडते, हँडल लावून मला अर्धा फेरा फिरवते, म्हणजे गंज चढू नये. पिस्टन वर येतात, खाली जातात. श्वास घेतो मी, पण बोलत नाही. मग ती चादर नीट करते आणि जाते.

गाडीत परत बसवा, असं मी म्हणत नाही. ते वहिनींनी ठरवलंय आणि बरोबर ठरवलंय. माझं मागणं लहान आहे. चिमे, कधीतरी एखाद्या सकाळी, शेडचं दार उघडं ठेवून, वाटीभर पेट्रोल घाल आणि इथेच या घोड्यावर मला एकदा सुरू कर. पाच मिनिटं पुरे. मात्र गाडी तेव्हा बाहेर नेऊ नकोस. ती इथेच उभी असू दे, माझ्याकडे तोंड करून.