डाव्या कडेची हळद

मित्रांनो, लांबून पाहाल तर मला जेवायला बसायचा पाट समजाल. पण मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. जन्मात एकदाच धुतला गेलो आणि कामातून गेलो. माझे जाऊ द्या, प्रेमलताचे फार मोठे नुकसान झाले.

सौंसरच्या सुखदेव सुताराने देवदाराच्या पट्ट्या सरसाने जोडून मला घडवले. माझी डावी कड त्याने दोन दिवस घासली. टी आकाराची लांब पट्टी त्या कडेला टेकवून सरकवली, की कागदावर एकसारख्या आडव्या रेघा येत. मला त्या कडेचा भारी तोरा होता.

ही १९८६ची गोष्ट. तिथल्याच मुलींच्या शाळेतले चित्रकलेचे यशवंतराव सर शाळा सुटल्यावर चार मुलींना नागपूरच्या इंटिरियर डेकोरेशनच्या डिप्लोमासाठी तयार करत. "घर सजवाले कॉलेज कायले लागते?" म्हणून गाव हसे. सर मुलींना टेप देऊन स्वतःचेच घर मोजायला पाठवत. पलंग कुठे, धान्याची कोठी कुठे, दार उघडले तर कशाला आपटते, सगळे मोजून माझ्यावर नकाशा काढायचा. त्या चौघींतल्या प्रेमलताचा मी. तिने स्वयंपाकघर काढले, तेव्हा आईला पाण्यासाठी दिवसभरात किती पावले उगाच चालावी लागतात तेही लिहिले. सर म्हणाले, "हे पोरगी नाव काढीन!" मलाच धन्य वाटले.

सर एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावत. "बोर्डाले पाण्याचा हात नको. सुक्या फडक्यानं पुसा." प्रेमलता तसेच करी. घरी मात्र हे कोणाला सांगून ठेवावे, असे तिला सुचले नाही.

डिप्लोमाच्या प्रवेश परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मला घरी ठेवून सरांकडे गेली होती. दसऱ्याला हत्यारे पुजतात तशी माझी पूजा करावी, असे तिच्या आईच्या, सुशीलाबाईच्या मनात आले. तिने मला अंगणात नेले, राखेने घासले, बादलीभर पाण्याने धुतले आणि मे महिन्याच्या उन्हात ठेवले. किती मायेने घासत होती ती! मला ओरडावेसे वाटत होते, पण लाकडाला कुठले तोंड? आधी सांधे फुगले, मग उन्हाने तडतडले, आणि माझी डावी कड हळूहळू वाकली.

प्रेमलता आली तेव्हा मी हळदकुंकू लावून देवापुढे होतो.

"माही पोरगी परीक्षेले चालली, मळकं हत्यार नेईन का?" आई म्हणाली.

प्रेमलता हसून तिच्या पाया पडली. कड तपासायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी नागपुरात एका खोलीचा नकाशा काढायचा होता. पट्टी माझ्या कडेवर डुलू लागली. तीन भिंती झाल्या, चौथा कोपरा जुळेना. तिने खोडले, पुन्हा काढले. कागद झिजून फाटला. मग तिने माझ्या कडेवरून बोट फिरवले. बोटाला वाक जाणवला, हळद लागली, आणि पूजेआधी आईने मला धुतले असणार हे तिला कळले. दुसरा बोर्ड मिळण्यासारखा नव्हता, वेळही उरला नव्हता. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडत होते आणि मी नुसता पडून होतो.

प्रवेशाच्या यादीत तिचे नाव आले नाही. आई रडू लागली. "माह्या पूजेतच काही कमी रायलं असीन."

"नाही वं आई," प्रेमलता म्हणाली, "मीच चुकली."

मित्रांनो, आपली हत्यारे जपा. आणि ती कशी जपायची, हे घरच्या माणसांनाही वेळेवर सांगा. नंतर तोंडाशी आलेले शब्द गिळावे लागतात.

त्या वर्षी दसऱ्याला सुशीलाबाई तांब्या घेऊन माझ्यापाशी बसली. प्रेमलताने हळूच तांब्या काढून घेतला आणि तिच्या हातात कोरडे फडके दिले.

"सुक्यानंच पूस, आई."

"काहून?"

"तसंच."