अळीच्या शेपटाला कुंकू

मित्रांनो, मी आहे कार्डिफमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. माझे स्क्रू ढिले झाले आहेत, पण नजर अजून शाबूत आहे. माझी भिंगं घडवली जात होती, तेव्हा वाटलं होतं की फुलांचे परागकण बघण्यात आयुष्य जाईल. नशिबात आलं रानडुकराचं मांस!

शिकारी लोक मांसाचा तुकडा आणून देतात. तो आम्लात विरघळवला की उरलेला गाळ माझ्याखाली येतो. त्यात कधी एखादी गुंडाळलेली बारीक अळी निघते. ते मांस कच्चं राहिलं, तर ती खाणाऱ्याच्या अंगात बिऱ्हाड थाटते. ती शोधणारा म्हणून माझा केवढा मान होता! मग पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं, आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांचा खोका.

माझी आठवण उरली ती फक्त वरदाताईंना. पुण्याच्या, पक्क्या शाकाहारी, आणि दिवसभर डुकरांच्या संगतीत! खंडेनवमीला त्या आपल्या हत्याराची, म्हणजे माझी, पूजा करतात. यंदाही त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि कुंकवाची बोटं लावलेलं कापसाचं वस्त्र गळ्यात घातलं. दसऱ्याला सकाळी नवं यंत्र बंद पडलं, तेव्हा तर मला स्वर्ग दोन बोटंच उरला.

तेवढ्यात शशिकांतकाका आले. हे निवृत्त सर्जन. म्हातारपणी शिकारीचा नाद लागलेला. आदल्या दिवशी त्यांनीच नमुना दिला होता.

"वरदा, रिपोर्ट रेडी आहे का गं? संध्याकाळी सगळं मंडळ रश्श्याला येतंय."

ताई माझ्या डोक्यावरचा खोका बाजूला सारून माझ्यात डोकावल्या. "काका, अळी दिसतेय."

काका मटकन खुर्चीत बसले. "अगं, मी काल थोडं टेस्ट केलं. जरा रेअर, म्हणजे अर्धकच्चंच होतं."

"काका! तुम्ही डॉक्टर ना?"

"काकूला सांगू नकोस. अळीच्या आधी तीच मला मारेल."

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पण मला दाखवता येतं, बोलता येत नाही. माझा जीव नुसता तळमळत होता.

ताईंनी भिंग फिरवलं आणि पुन्हा डोळा लावला. "काका, हिच्या शेपटाला कुंकू आहे."

"कुणी लावलं?" काका क्षीण आवाजात म्हणाले.

"मीच."

ती अळी नव्हतीच, माझ्या गळ्यातल्या वस्त्राचा गळून पडलेला धागा होता. तरी ताईंनी मला नीट पुसलं आणि नव्या तुकड्यावर सगळी तपासणी पुन्हा केली. काका तोवर येरझारा घालत होते. शेवटी ताईंनी त्यांनाच माझ्यात बघायला लावलं. काहीच दिसलं नाही, म्हणून डोळ्यांत पाणी आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. जाता जाता त्यांनी तो हातमोज्यांचा खोका उचलून माझ्यापासून लांब नेऊन ठेवला.

तेव्हा मित्रांनो, शिकारीचं मांस तपासल्याशिवाय चाखू नका. आणि आमची पूजा जरूर करा, पण नंतर मऊ फडक्याने पुसायला विसरू नका. रस्सा फक्कड झाला होता म्हणे. काकांनी मात्र वरणभातच मागून घेतला.