खातूनबीची म्हैस आणि सतरा पानी अर्ज

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात बब्रुवान हैद्राबादेहून सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन सदरे आणि अकरा पुस्तकं होती. तो वकिली शिकत होता आणि दोन राज्यांच्या हद्दीच्या तंट्यांवर प्रबंध लिहीत होता. अडचण एवढीच, की प्रबंधाला जवळचा तंटा मिळत नव्हता.

तो खातूनबीच्या म्हशीनं पुरवला.

गावाला लागून नाला. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. खातूनबीची गाभण म्हैस चरत चरत तिकडं गेली आणि कोंडवाड्यात पडली. खातूनबी एकटी बाई, घर म्हशीच्या दुधावर चालायचं, आणि म्हैस आठवड्याभरात व्यायची होती. दंड भरायला ती निघाली, तर बब्रुवान आडवा आला.

"मावशी, दंड भरायचा न्हाय! भरला म्हंजे गुन्हा कबूल. हद्द वाहत्या धारेच्या मधोमध असती."

"आरं, नाला कोरडा हाय."

"तेच म्हंतोय! धारच न्हाय, मग हद्द कशी शाबीत होईल?"

अकरा पुस्तकं वाचलेलं पोरगं वेडं कसं असेल, असा खातूनबीनं विचार केला. तिची चूक एवढीच.

बब्रुवाननं सतरा पानी अर्ज लिहिला. उर्दूत, कारण त्याचा सगळा कायदा उर्दूत झाला होता. कोंडवाड्याचा कारकून महालिंगप्पा याला मराठी आणि कानडी येई. त्यानं अर्ज उलटासुलटा केला, हातावर तोलला आणि आदरानं उठून उभा राहिला.

"वकीलसाहेब, साधा दंड असता तर आत्ता फाटक उघडलं असतं. पण हे दोन सरकारांचं प्रकरण दिसतंय. कागद सोलापूरला जाणार, तिथून पुण्याला, तिथून मुंबईला. निकाल लागंस्तोवर म्हैस जशीच्या तशी ठेवावी लागंल."

"किती दिवस?"

"तुमच्या पुस्तकात काय लिवलंय?"

पुस्तकात एका नदीचा तंटा सदतीस वर्षं चालला होता. बरोबर आलेल्या खातूनबीनं बब्रुवानकडं नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं, असं तो पुढं सांगायचा.

चौथ्या दिवशी म्हैस व्याली. जशीच्या तशी राहिली नाही. महालिंगप्पा चरवी घेऊन बसला आणि लाथ खाऊन उठला. शिपायानंही खाल्ली. म्हैस पान्हा सोडेना, रेडीला जवळ येऊ देईना. दुपारी तोच शिपाई लंगडत नाला ओलांडून आला. "बाईला बोलवा. रेडी मरंल."

खातूनबी गेली. मागं बब्रुवान, हातात तांब्या. तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "काय गं भवाने, परमुलखात येऊन बाळंत झालीस व्हय?" म्हशीनं कान हलवला आणि पान्हा सोडला. रेडी पोटभर प्यायली.

उरलेल्या चिकानं तांब्या भरून खातूनबीनं तो महालिंगप्पापुढं धरला.

"पहिला चीक शेजारी द्यायचा असतो. हितं तुमीच शेजारी."

महालिंगप्पानं चीक आपल्या भांड्यात ओतून घेतला आणि अडकला. चिकाचा तांब्या रिकामा परत करत नाहीत. दाणे नाहीतर गुळाचा खडा तरी टाकतात. कोंडवाड्यात होती एक वही, एक काठी आणि फाटकाची किल्ली. त्यानं वहीकडं पाहिलं. ती तांब्यात मावण्यासारखी नव्हती.

त्यानं किल्ली टाकली.

बब्रुवाननं खिशातनं आपली वही काढली. "पण हे कुठल्या कलमाखाली?"

"बब्र्या," खातूनबी म्हणाली, "रेडी उचल."

रेडी खांद्यावर घेऊन तो कोरड्या नाल्यात उतरला. मागून म्हैस हंबरत होती.

"मधोमध आलं का रं?"

"मावशी, गुमान चला," बब्रुवान म्हणाला. रेडीनं त्याचा सदरा ओला केला होता.