लेकीचा र

बोबड्या मुलांना उच्चार शिकवणं हा माझा पेशा. समोर आरसा ठेवायचा, जीभ टाळूला कुठे लावायची ते दाखवायचं. हट्टी पोरांनाही मी ‘र’ म्हणायला लावलाय.

स्वतःच्या लेकीला तेवढं शिकवलं नाही. तिचं ‘लविवाल’ ऐकायला गोड वाटायचं. बायको कितीदा बोलली, मी उडवून लावलं. आता त्या दोघी दुसऱ्या गावी राहतात. माझ्या वाट्याला आठवड्याचा एक फोन येतो.

काल लेक म्हणाली, “बाबा, पुढच्या रविवारी येशील?”

‘र’ अगदी स्वच्छ होता. मी विचारलं, “कोणी गं शिकवलं?”

“कोणीच नाही. शाळेत सगळे हसायचे. मग मधल्या सुट्टीत बेसिनवरच्या आरशासमोर एकटीच म्हणत उभी राहायचे.”