ताप उतरला की

माझा भाऊ मगन धुळ्याजवळचं सोनगीर गाव सोडून केळीच्या नादाने यावलजवळच्या खेड्यात जाऊन बसला. शहाण्णव साली त्या गावात पहिल्यांदाच हरिनाम सप्ताह बसायचा होता. मी सून पुष्पा आणि आठ महिन्यांची नात तानी यांना घेऊन पंधरा दिवस आधीच एस.टी.त चढले. सात दिवस कीर्तनं, आणि शेवटच्या सकाळी काल्याच्या कीर्तनात तानीची केळ्यांनी तुला! मला तर धुळ्याच्या स्टँडवरच गावंसं वाटलं.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी तानी तापाने फणफणली. आम्ही तिला यावलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण नजर मोठी बारीक.

"दिवसा झोपते कुठे?"

"मंडपामागे सावलीत झोळी बांधलीय. पंगतीच्या पाण्याची पिंपं आहेत ना, तिथे गार असतं," पुष्पा म्हणाली.

"उघडी पिंपं?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, असल्या साठवणीच्या पाण्यातला डास दिवसाढवळ्या चावतो. मला हा डेंग्यूचा ताप वाटतो. पिंपं आजच्या आज रिकामी करा, घासा, झाका. झोळीवर मच्छरदाणी घाला. मी देते तेच औषध, दुसरी गोळी नको. अंगावर पाजत राहा. आणि ताप उतरला की लगेच आणा."

कीर्तनात बुवा चरण अर्ध्यावर सोडतात आणि आपण खालून तो पुरा करतो. चाळीस वर्षांची माझी सवय. बाईंच्या बोलण्यात एक शब्द राहून गेला असं समजून मी तो मनातच घातला. घरी मगनने विचारलं तेव्हा ठणकावून सांगितलं, "ताप नाही उतरला तर आणा म्हणे!"

पुष्पा चाचरली, "आत्याबाई, त्या 'उतरला की' म्हणाल्या."

"अगं, ताप उतरल्यावर कोणी दवाखान्यात जातं का?"

काल्याच्या सकाळी हात लावून बघते, तर तानीचा ताप साफ गेलेला! मी आधी देवाचं नाव घेत गालावर चापट्या मारून घेतल्या, मग मगनला हाक मारली. तो अंगणातूनच ओरडला, "ताप उतरना! आते कसानी चिंता शे, अक्का? बठ्ठा गाव वाट दखी राहिना!"

मंडपात खरंच सगळा गाव वाट बघत होता. ताज्या केळ्यांचे घड, फुलं लावलेला तराजू, टाळांचा गजर. बुवा रंगात आले होते. तानी माझ्या मांडीवर गप्प पडून होती. दमली असेल बिचारी, मी म्हटलं.

बुवांनी हात वर करून म्हटलं, "कान्हा गोकुळात आला आणि काय घेऊन आला?"

"लोणी!" आम्ही सगळे ओरडलो.

बुवा हसले. "तो काहीच घेऊन आला नाही. खायला आला होता! माझं ऐकता, की तुमचंच म्हणता?"

मंडप हसून लोटपोट झाला. मीही हसले, आणि हसता हसता गार पडले. माझं ऐकता, की तुमचंच म्हणता? ताप उतरला की. उतरला की!

तानीचे पाय धरले. बर्फ. पोटावर बारीक लाल ठिपके. डोळे अर्धे मिटलेले.

मी भर कीर्तनात उभी राहिले. तराजूपाशी केळी रचणाऱ्या मगनने कुठे निघालीस म्हणून हटकलं.

"कथा चालनी, अक्का? तानीनी तुला बाकी शे ना!"

"तुला राहू दे! गाडी काढ! मीच चुकीचं सांगितलं रे!"

बुवांनी चिपळ्या थांबवल्या, माझ्याकडे बघितलं आणि स्वतः पुढे होऊन गर्दी बाजूला केली. "वाट द्या माऊलीला!" मगनच्या ड्रायव्हरने, झुलालने, केळीचा टेम्पो चालू केला. घड तसेच, त्यांच्यामध्ये आम्ही तिघी. पुष्पा वाटभर एकच म्हणत होती, "तानी, माझ्याकडे बघ."

दवाखान्यात बाईंनी बघताक्षणी तिला उचललं. सलाईनसाठी शीर सापडेना, तिसऱ्या खेपेला सापडली.

"या तापात खरा धोका ताप उतरल्यावर असतो," त्या हात चालवत म्हणाल्या. "लहान जिवाला तर फार. सकाळपासून शू केली का?"

"नाही," पुष्पा म्हणाली.

"ती झाली पाहिजे. नाहीतर जळगावला हलवायचं."

मी दाराशी बसले. जीभ नाव घेत होती, डोळे सलाईनच्या थेंबांवर. दुपार कलली. पाय कोमट झाले. बाईंनी नाडी बघून मान डोलावली आणि पुष्पाला पाजायला सांगितलं. तानी दोन घोट प्यायली. मग पुष्पाने तिला मिनिटभर माझ्या मांडीवर दिलं.

आणि एकदम ऊन ऊन लागलं. लुगडं भिजलं, ओघळ फरशीवर गेला.

"झाली! बाई, झाली!" मी अशी ओरडले की शेजारचे पेशंट उठून बसले. बाई धावत आल्या, फरशीकडे बघून मोकळ्या हसल्या.

"छान! अजून दोन दिवस इथेच ठेवायचं हं. आणि आजी, तुम्ही लुगडं बदला."

"बदलते की," मी म्हटलं, आणि तशीच बसून राहिले.