न तुटलेली लेस

माझी लेस एकशे चाळीस सेंटिमीटर लांब आहे. तिच्या एका टोकाचं प्लॅस्टिक निघून गेलं आहे, पण ती आजवर एकदाही तुटलेली नाही. मित्रांनो, हे आधीच सांगतो, कारण गेली नऊ वर्षं तिच्यावर आळ आहे.

मी एक जुना ट्रेकिंगचा बूट आहे, उजव्या पायाचा. व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात माझं चामडं शिवलं, खाली फोमचा थर आणि त्याखाली रबर चिकटवलं. सिडनीतल्या एका दुकानातून रविंद्रने आम्हा जोडीला क्वेकर्स हिल या उपनगरातल्या घरी आणलं. तो पुलांची गणितं करणारा इंजिनिअर. त्याची बायको लीना वेस्टमीडच्या प्रयोगशाळेत काम करते. तिघं, म्हणजे मुलगी मितालीसुद्धा, भूतानला निघाली होती.

पुनाखाच्या खोऱ्यात दोन नद्या भेटतात. त्यांच्या बेचक्यात पांढऱ्या भिंतींचा जुना किल्ला उभा आहे आणि त्याच्या भोवती जांभळ्या फुलांचे जॅकरँडा फुललेले असतात, आपल्या सिडनीतल्या रस्त्यावर नोव्हेंबरात फुलतात तसेच. आम्ही टेकड्या चढलो, भातशेतांच्या बांधांवरून चाललो. रविंद्र म्हणाला, "काय ग्रिप आहे!" माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही. राफ्टिंगच्या वेळी आम्ही बूट गाडीत होतो, पण आनंदाने सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला म्हणे. पाण्याची भीती त्याला नव्हतीच.

शेवटच्या दिवशी नदीवरचा झुलता पूल आला. दीडशे मीटरहून लांब. लीना आणि मिताली पुढे गेल्या. रविंद्र त्रेचाळीस पावलं चालला. पूल हलला. तो खाली वाकला, माझी घट्ट बांधलेली लेस सोडली, पुन्हा बांधली आणि मागे वळला. त्या दोघी परतल्यावर म्हणाला, "लेस तुटली, काय करणार!"

सिडनी विमानतळावर, परदेशी माती देशात येऊ नये म्हणून होणाऱ्या तपासणीत, एका अधिकाऱ्याने माझ्या खाचांतला पुनाखाचा चिखल ब्रशने धुऊन काढला. "डिक्लेअर केलंस ना, नो वरीज, मेट," तो म्हणाला. त्यानंतर मी गॅरेजच्या फळीवर, गणपतीच्या मखराशेजारी पडून राहिलो. लीना दरवर्षी विचारायची, "पुनाखाला पुन्हा जायचं?" कधी प्रोजेक्ट असायचा, कधी गुडघा, नाहीतर मग, "ते बूट काही खरे नाहीत." मित्रांनो, बूट चालून झिजतो हे खरं, पण फळीवर पडून राहिला तरी टिकत नाही. दमट हवेने फोम आतून विरतो. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, आणि अधूनमधून चालायला न्या.

गेल्या रविवारी मितालीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तिची युनी, म्हणजे विद्यापीठातलं शिक्षण, संपत आली आहे. "बाबा, भूतानची एप्रिलची तिकिटं आत्ता बुक करतेय. लास्ट चान्स. टू ऑर थ्री?"

"अगं, बूट तरी बघू दे." त्याने आम्हा दोघांना फळीवरून काढून टेबलापाशी आणलं. हात लागताच माझा तळ वाळक्या केकसारखा भुगा होऊन फरशीवर पडला. "बघ! सोलच गेला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, सुटका होती.

लीनाने मला उचललं. दोन्ही बुटांच्या लेस ओढून काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सारख्याच लांब, सारख्याच फिकट. कुठे गाठ नाही.

"यातली कुठली तुटली होती, रवी?"

"वेट, व्हॉट?" मिताली म्हणाली.

रविंद्रने दोन्ही लेसवरून बोट फिरवलं. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. हॉटेलवर ह्याच लेस सोडून तू बूट काढलेस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तू बोलशील असं वाटलं. जरा जास्तच वेळ घेतलास."

मितालीला हसू आवरेना. "बाबा, यू डिझाइन ब्रिजेस!"

"म्हणून तर सांगता येईना," तो म्हणाला. "तो पूल पडणार नाही हे मला आकड्यांत माहीत होतं. पायांना पटत नव्हतं."

मितालीचं बोट कीबोर्डवर थांबलं होतं. रविंद्रने माझी लेस बोटाभोवती गुंडाळली, घट्ट ओढून पाहिली.

"थ्री कर," तो म्हणाला. "नवे बूट घेतो, लेस हीच घालतो. मी तो पूल ओलांडणार आहे."