लाल शेवटी

नववं पदक भट्टीतून बाहेर आलं तेव्हा त्यावरच्या जास्वंदीचा लाल करपून पार तपकिरी झाला होता. समतानं ते चिमट्यानं उचलून विटेवर ठेवलं. 

"गेलं ना हेही?" चिंतामणकाका गादीवरून न उठताच म्हणाले. "तुह्या हातात धीर नाही पोरी. लालले धीर लागते."

आठ महिने ती हेच ऐकत होती.

समता पिंपळगाव राजाची. वय अठ्ठावीस, घरी शेती. लग्नाच्या घरी मेंदी काढण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण आठ दिवसांत उडून जाणाऱ्या नक्षीचा तिला कंटाळा आला होता. टिकेल असं काही शिकायचं म्हणून ती रोज सकाळच्या एसटीनं खामगावला यायची. सत्तरीतले चिंतामणकाका सोनार, चांदीवर मीना करणारे. चांदीत नक्षी खोल खोदायची, त्या खळग्यांत काचेच्या रंगाची ओली पूड भरायची आणि भट्टीत भाजून ती चांदीवर वितळवायची. हे काम त्या गल्लीत आता ते एकटेच करत. मुलाचं, धवलचं, मोबाइलचं दुकान होतं. त्याला यातलं काही नको होतं.

खोदकाम काकांनी तिला मनापासून शिकवलं. रंगाचे खडे कुटायचे, पूड सात पाण्यांनी धुवायची, वरचं दुधट पाणी ओतून द्यायचं, तेही शिकवलं. मग रंगांचा क्रम सांगितला. आधी लाल भरून भाजायचा, मग हिरवा, मग निळा, शेवटी पांढरा. प्रत्येक रंगाला वेगळी आच. तिनं तसंच केलं, नऊ वेळा. हिरवा चमकायचा, निळा मोरासारखा दिसायचा आणि लाल दर वेळी मरायचा. काकांच्या स्वतःच्या कामात मात्र तो जिवंत असायचा. ते काम ते गुरुवारी करत. गुरुवारी समताला सुट्टी असे.

त्या दिवशी दुपारी धवल काकांना डोळे दाखवायला अकोल्याला घेऊन गेला. काकू, झुंबरबाई, चहा घेऊन आल्या. विटेवरचं पदक त्यांनी पदरानं उचलून पाहिलं.

"लाल किती खेपा भाजला वं?"

"चार. पहिलेच भरला, मंग बाकीचे रंग."

झुंबरबाईंनी कप खाली ठेवला. "हे कोणी सांगतलं तुले?"

"काकांनी."

 त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू म्हातारा तिथं उभाच आहे.

"लाल सगळ्यात कच्चा रंग. त्याले एकच आच सोसते. पांढरा पहिले, मंग निळा, मंग हिरवा. लाल शेवटी. अन् लालच्या खाली बिनरंगी काचेचा पातळ हात द्या लागते, नाहीतर चांदी त्याले खाते."

"तुम्हाले कसं माहीत?"

"बेचाळीस वर्षं हे खडे कोण कुटून राह्यलं? गुरुवारी भट्टीपाशी कोळसे सारत कोण बसते?"

 समताला सगळं एकदम आठवलं. घरी वडिलांसमोर बसून ती म्हणाली होती, "बाबा, माह्या हातातच नाही." रात्ररात्र तिनं स्वतःच्या बोटांना शिव्या दिल्या होत्या. मेंदीचं बोलावणं आलं तरी ती अलीकडे नाही म्हणायला लागली होती. आणि हा म्हातारा रोज गादीवर बसून तिचं बिघडणारं काम बघत होता.

संध्याकाळची एसटी तिनं सोडली. काका परत आले, चपला काढल्या, आणि समोर तिला उभी पाहून थबकले.

"लाल शेवटी असते," समता म्हणाली.

काकांनी बायकोकडे पाहिलं. झुंबरबाईंनी नजर खाली केली नाही.

"आठ महिने, काका. काऊन?"

"मले माह्या बापानं पाच वर्षं उलटंच सांगतलं," काका गादीवर बसत म्हणाले. "मी कवाडाच्या फटीतून पाहून शिकलो. ज्याले खरंच पाहिजे, तो शोधून काढते."

"तुम्हाले राग नाही आला तुमच्या बापाचा?"

"आला. लय आला."

"मंग तो माह्यावर काऊन काढला?"

काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. धवल मधे पडला, "ताई, जाऊ द्या ना, म्हातारा माणूस आहे."

"म्हातारा आहे म्हणून खोटं बोलाचं?" समताचा आवाज गल्लीपर्यंत गेला. शेजारच्या दुकानातला ठोकण्याचा आवाज थांबला. "नसतं शिकवाचं तर नाही म्हणाचं होतं! मी दुसरं काही केलं असतं. तुम्ही मले माह्याच हातावर थुंकाले लावलं!"

"हे आमच्या घराचं आहे," काकाही चिडले. "बाहेर जात नाही. तुले नाही पटत तर येऊ नको."

तेव्हा झुंबरबाई बोलल्या. "घराचं? अन् घरात कोणाले देलं? आपल्या पोरीनं, राखीनं मागतलं तर म्हणे, ते परक्याचं धन. धवलले नको. बेचाळीस वर्षांत मले एक दिवस रंग भराची सुई हातात देली का?"

"तुले काय कराचं होतं त्याचं?"

"मंग मी कोणाच्या घरची?"

 काका उठून आत गेले आणि त्या रात्री जेवले नाहीत. झुंबरबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. समता त्यांच्याजवळ ओसरीत झोपली, म्हणजे नुसती पडून राहिली.

सकाळी दोघी खोदून ठेवलेलं दहावं पदक घेऊन भट्टीपाशी बसल्या. वार मंगळवार होता. झुंबरबाईंनी कधी रंग भरला नव्हता. सुई धरली की त्यांची पूड ओघळायची. पण कोळशाच्या रंगावरून त्यांना आच कळायची. समताला खोदणं, भरणं येत होतं, पण लालची आच कळत नव्हती. एकीनं भरलं, दुसरीनं सांगितलं, "आता टाक," "आता काढ." पांढरा झाला, निळा झाला, हिरवा झाला. प्रत्येक वेळी पदक निवेपर्यंत थांबावं लागायचं. त्या वेळात झुंबरबाईंनी मेहकरला लेकीला फोन लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "राखी, कागद घे. मी सांगतो तसं लिहून घे." पलीकडच्या खोलीत काकांचं खोकणं थांबलं.

शेवटी बिनरंगी काच, तिच्यावर लाल, एकच आच.

पदक निवलं, समतानं ते घासलं. जास्वंद डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. झुंबरबाईंनी तिच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि मग पदरात तोंड लपवून रडल्या. समताला रडू आलं नाही. तिला नऊ पदकं आठवत होती.

काका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला. समतानं पदक त्यांच्या हातात दिलं नाही, पाटावर ठेवलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"वरची पाकळी जाड भरली. तिथं तडा जाईन."

समतानं निरखून पाहिलं. ते खरं होतं. म्हणून तर तिला आणखीच संताप आला.

ती अजूनही खामगावला येते. आता ती झुंबरबाईंकडे शिकते आणि त्यांना सुई धरायला शिकवते. दर गुरुवारी भट्टी दार उघडं ठेवून पेटते. काका गादीवर बसतात, चूक दिसली की सांगतात. समता त्यांचं ऐकते, पण प्रत्येक गोष्ट आधी चांदीच्या रिकाम्या पट्टीवर करून पाहते. समोर, त्यांच्या डोळ्यांदेखत. काकांना ते झोंबतं. तिला माहीत आहे.